सेल्युकस, अँटिओकस आणि इब्राहिमभाई

पहिल्या दिवशी मला वाटलं, इब्राहिमभाई चहाआधी दुआ मागतायत. ओठ हलत होते. जरा जवळ सरकलो तर ऐकू आलं, "सेल्युकस, अँटिओकस, अँटिओकस, सेल्युकस, सेल्युकस, अँटिओकस, सेल्युकस, अँटिओकस." मग पहिला घोट.

रत्नागिरीकडच्या एका शाळेत ते इतिहास शिकवायचे. पोटासाठी दुबईला आले आणि तिथल्या करामा भागात एसीच्या स्पेअर पार्ट्सच्या स्टोअरमध्ये स्टोअरकीपर झाले. मी त्यांचा असिस्टंट. चहाआधी ते पुटपुटायचे ती अलेक्झांडरच्या मागे सीरियापासून इराणपर्यंत राज्य करणाऱ्या ग्रीक घराण्यातल्या राजांची यादी. मला रोज शेजारी बसवून कुठल्या रॅकवर काय आहे ते वदवून घ्यायचे. मी कंटाळलो की म्हणायचे, "अरे बाबा, पहिल्या सेल्युकसने जिवंतपणीच मुलाला शेजारी बसवलं, म्हणून गादी टिकली. पुढच्यांनी आळस केला, की आलाच कुणी भाऊ नाहीतर काका!" त्यांची स्वतःची खुर्ची मात्र कायम डुगडुगायची.

अठ्ठ्याण्णव साली आमचे अरबाब, म्हणजे मालक, अचानक वारले. माझा व्हिसा अकरा दिवसांनी संपत होता आणि माझ्या व्हिसावर बायको आणि मुलगी. रिन्युअलला अरबाबची सही लागायची. मी घरात येरझाऱ्या घालायचो, तर माझ्याकडून भाईंच्या राजांच्या गोष्टी ऐकलेली मुलगी विचारायची, "बाबा, हू इज द किंग नाऊ?"

मी पडलो शहाणा. सांत्वनाला गेलो तो खिशात रिन्युअलचा फॉर्म घेऊनच. अरबाबच्या थोरल्या मुलाला मिठी मारली, डोळे पुसले, त्याचे आणि माझे, आणि फॉर्म पुढे केला. त्या बिचाऱ्याने सही केली.

इब्राहिमभाईंनी फॉर्म निरखला. "चौथा अँटिओकस कोण होता?"

"मुलगा?"

"भाऊ! मेलेल्या राजाचा भाऊ. पुतणे राहिले बाजूला. अरबाबना भाऊ आहे, विसरलास?" फॉर्म त्यांनी ठेवून घेतला.

आठवड्यात भाऊच येऊन बसले. थोरल्याच्या सहीला आता व्हिसाचे अर्ज भरून देणारा टायपिंगवाला हात लावेना. त्यात नव्या अरबाबनी सांगून टाकलं, स्टोअरला एकच माणूस पुरे. हातात उरले चार दिवस. बायको बॅगा झटकू लागली.

दुसऱ्या सकाळी इब्राहिमभाई मला घेऊन सरळ केबिनमध्ये शिरले. "अरबाब, मेरा व्हिसा खलास करो. ये सब जानता है. दो साल बाजू में बिठाया है."

अरबाबनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तेरह नंबर रॅक में क्या है?"

माझं तोंड आपोआप चाललं. कंटाळत का होईना, पाठ झालं होतं. नव्या फॉर्मवर नवी सही झाली.

बाहेर आल्यावर मी त्यांचा हात धरला. "भाई, हे काय केलंत?"

"माझी दोन्ही पोरं कमावती झाली. तुझी तिसरीत आहे. यल्ला, चल, स्टोअरची चावी धर."

ते गावी परतले त्या दिवशी मी त्यांच्या खुर्चीत जीव मुठीत धरून टेकलो. खुर्ची हलेना. वाकून पाहिलं, तर खुर्चीच्या एका पायाखाली थोरल्या मुलाच्या सहीचा माझा फॉर्म होता. चार घड्या घालून, नीट ठोकून बसवलेला.