मालतीची दोन जानेवारीची अपॉइंटमेंट

मंडळी, नवं वर्ष लागायच्या आत राहिलेली कामं उरकावीत म्हणून मुलाने मला फोनवरूनच सगळं करणारी एक असिस्टंट लावून दिली आहे. पूजा तिचं नाव, बसते भोपाळला. मी आळस केला, गेल्या डिसेंबरची यादीच तिला पाठवली आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

आज दुपारी तिचा फोन आला. "काकाजी, यादी आहे की लग्नाचं सामान? गॅस, विमा, सब हो गया. काकीजींच्या शुगरसाठी तुमच्या पलासिया भागातल्या डॉक्टरांकडे दोन जानेवारी मिळतेय. घेऊ ना?"

मालती, माझी बायको, जाऊन चार महिने झालेत.

मी म्हणालो, "घ्या."

"सकाळची की शामची?"

"सकाळची. संध्याकाळच्या ट्रॅफिकने ती वैतागते."

फोन ठेवला. रडूबिडू काही आलं नाही. मटार सोलायला घेतले होते, ते सोलून संपवले.

रद्द करायला हवं, कळतंय. कुणा आजारी माणसाचा नंबर अडलाय. पण त्यासाठी पूजाला ते एक वाक्य सांगावं लागेल. चार महिन्यांपूर्वी सगळ्यांना मुलानेच कळवलं होतं. माझ्या तोंडून ते अजून एकदाही निघालेलं नाही.

तुमच्यापैकी ज्यांच्यावर ही वेळ आली, त्यांनी पहिल्यांदा कुणाला सांगितलं? आणि कसं?