संदीपची विचारपूस

अफवा कुठून निघतात आणि कशा पसरतात हे शोधणं माझं काम. त्यासाठी आठ महिन्यांपूर्वी मी 'संदीप' हे खोटं नाव घेऊन फोनवरच्या एका ग्रुपमध्ये शिरले. तिथे रोज कुणाची तरी घरं जाळायची भाषा असते. मी ती वाचते आणि तक्त्यात भरते. अफवा, शिवी, धमकी. हल्ली संध्याकाळी घरी कुणाशी बोलावंसंही वाटत नाही.

मागच्या आठवड्यात पाच दिवस तापाने पडून होते. सोमवारी ऑफिसात गेले, तर साहेब एवढंच म्हणाले, "रिपोर्ट कधी देताय?"

मग ग्रुप उघडला. तिथला सगळ्यात विखारी माणूस, माझ्या तक्त्यात ज्याच्या नावावर लाल रंग आहे, त्याने संदीपला वेगळा मेसेज टाकला होता. "भाऊ, दिसला नाहीस. बरा आहेस ना?"

मी लिहिलं, "ताप होता." आठ महिन्यांत त्याला लिहिलेलं माझं हे पहिलं खरं वाक्य.

"अंगावर काढू नको. मऊ भात खा."

माणसं तिथे द्वेषापायी जातात, असं मी अहवालात लिहून ठेवलंय. कुणी विचारपूस करावी म्हणूनही जात असतील आणि द्वेष मागाहून शिकत असतील. कोण जाणे.

पाच मिनिटांत त्याने ग्रुपवर नवा व्हिडिओ टाकला. मी तो 'धमकी'च्या रकान्यात चढवला.

घरी आले आणि मऊ भात टाकला.