एकदाही ठसका नाही

लातूरच्या एका क्लासमध्ये मी अकरा वर्षं जीवशास्त्र शिकवतोय. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या पोरं माझ्याकडून पाढ्यासारख्या पाठ करून जातात. घशात मागे काही टेकलं की नववी नस सांगावा आत नेते, दहावी घसा आवळते आणि उमासा येतो. हे मी अशा तोऱ्यात सांगायचो, जणू नसा मीच बसवल्यात.

वडील देगलूरला शिवणकाम करायचे. मागच्या हिवाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी लाकडी पट्टी त्यांच्या घशाला आतून लावली. वडील नुसते बघत राहिले. उमासा आलाच नाही.

"तोंडानं थेंबभरही देऊ नका," बाई म्हणाल्या. "श्वासनळीत गेलं तरी यांना ठसका लागणार नाही."

मी मान डोलावली. वर नववी-दहावी बोलूनही दाखवली. बाईंनी कौतुकानं बघितलं आणि मला बरं वाटलं. त्याची आज लाज वाटते.

नाकातून नळी घातली. पण आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस दोन चमचे काहीतरी पाजल्याशिवाय उठत नाही. कुणी शहाळं आणायचं, कुणी पेज. मी दारातच अडवायचो, भांडायचो. सख्खा चुलता तर रागानं तसाच परत गेला.

पाचव्या दिवशी दुपारी वडिलांनी डावा हात ओठांशी नेऊन बशी धरल्याची खूण केली. दिवसातून सहा वेळा बशीनं चहा पिणारा माणूस तो. आईनं डोळ्याला पदर लावला.

"लई शिकलास बाबा," ती म्हणाली. "बापाची जीभ तरी वली कर."

मी पाजला. प्रत्येक चमच्यानंतर थांबून त्यांच्याकडे बघायचो. खोकला नाही, ठसका नाही, चेहऱ्यावर समाधान. उतरतोय की, असं वाटून मी पुढचा चमचा भरायचो. अकरा वर्षं शिकवलेलं त्या घटकेला कुठं गेलं होतं कुणास ठाऊक. अर्धा कप संपला.

दुसऱ्या दिवशी ताप भरला. चहा फुप्फुसात उतरला होता. बाईंनी विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. आठवडाभरानं त्यांनी वडिलांच्या डोळ्यांवर बॅटरी मारली. बाहुल्या आकसल्या नाहीत. उजेडाचा सांगावा दुसरी नस आत नेते, तिसरी बाहेर आणते. तेही मला पाठ होतं.

आईला मी अजून सांगितलेलं नाही. देगलूरच्या घरी कुणीही आलं की ती मला शेजारी बसवून घेते.

"लेकाच्या हातचा च्या पिऊन गेले," ती सांगते. "येकदाबी ठसका लागला न्हाई."

लोक म्हणतात, नशीब लागतं. आणि मी मान डोलावतो.