घमेल्यातली ज्वारी

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालंय. अक्षर वाकडं येतं, वेलांट्या चुकतात. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

ईश्वरी चपला घालून ज्वारीच्या घमेल्यात उभी होती आणि तेवढ्यात तिची आजी दारात आली. तिथून सांगते.

मी अंगणवाडीत मदतनीस आहे. मुलांना घरून आणायचं, खिचडी शिजवायची, झाडलोट करायची. सेविका ताई ट्रेनिंगहून शिकून आल्या की लहान मुलाच्या हातापायाला खरखरीत, मऊ, गार असं सगळं लागलं पाहिजे. विकतचं साहित्य काही आलं नव्हतं. मग मी दाराजवळ, सतरंजीच्या बाहेर घमेली मांडली. एकात चाळलेली वाळू, एकात गव्हाचा कोंडा, एकात चिंचोके, एकात घरची ज्वारी. मुलं त्यात हात घालतात, उभी राहतात. आपण मात्र समोरून हलायचं नाही. चिंचोका नाकात जायला वेळ लागत नाही.

ईश्वरी चाकणला भाड्याच्या खोलीत वाढलेली, आता गावी आजीकडे ठेवलेली. उघड्या पायाला ती काहीच लागू देत नसे. सतरंजीवर चपला चालत नाहीत, म्हणून ती दाराशीच उभी. खिचडीसुद्धा उभ्यानं खायची. पोरं चिडवायची. असंच चाललं तर पाठवणार नाही, असं आजी म्हणत होती. त्या दिवशी ती आपणहून घमेल्यात चढली. पायात चपला होत्या, पण मला बरं वाटलं. मी टोकलं नाही.

आजी मला म्हणाली, "मंगल, अन्नात चपला?" आणि पोरीला उचलून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी ईश्वरी आली नाही. नंतरही नाही. ताई म्हणाल्या, जाऊन बोलावून आण. मोठ्या माणसांपुढे माझ्या तोंडातून शब्द निघत नाही, पण गेले.

आजी गच्चीवर वाळत घातलेली ज्वारी फिरवत होती. अनवाणी पाय घासत चालायचं, मागं सरी पडत जाते, खालचं धान्य वर येतं. मी बघत राहिले.

"काय बघू राह्यली?"

"काकू, पाय तर तुमी बी घालता."

"उघडा घालते. खळ्यावर कुणी चपला घालून जातं का? तुह्या मायनं शिकवलं न्हाई?"

"पोरगी उघडा पाय टाकीतच न्हाई. चपलीनं का व्हईना, चढली, म्हून बोलले न्हाई."

ईश्वरी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. आजी तिला म्हणाली, "यायचं त चपला तिथं काढ. न्हाई त बस तिथंच." आणि पुन्हा ज्वारी फिरवू लागली. मी पोरीला बोलवायला गेले, तर आजीनं हातानंच मला थांबवलं.

बऱ्याच वेळानं पाहिलं, तर ईश्वरीचा एक पाय ज्वारीत होता, उघडा. दुसरा चपलेसकट पायरीवर.

"एक त एक," आजी म्हणाली. "उद्या घिऊन जाय."

आता आमच्याकडे चपला बाहेर काढून, धान्याच्या पाया पडून मगच मुलं ज्वारीत उतरतात. ईश्वरी सतरंजीवर बसून खाते. वाळूत अजून जात नाही.

घरातली वस्तू खेळायला घ्यायची, तर ती घरात कशी वापरतात ते आधी विचारावं. ईश्वरीच्या आजीला विचारावं लागत नाही, त्या येऊन सांगून जातात.