पोरीची कुत्री

कुत्री माझी नव्हती. माझ्या मुलीची होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना ती एका मैत्रिणीकडे कामठीला गेली आणि परतताना शेअर ऑटोतून, ओढणीत गुंडाळून, हे पिल्लू घेऊन आली. मैत्रिणीचे वडील फौजेत. त्यांच्या क्वार्टरजवळच्या एका साहेबाचं टेरिअर जातीचं कुत्रं होतं, आणि त्याच बंगल्यावर पारशिवनीकडून आलेल्या माळ्याची एक सडपातळ शिकारी कुत्री. त्या दोघांचं जे काही जमलं त्यातून ही झाली. बापाकडून तिनं बुटकेपणा आणि हनुवटीखालची राठ दाढी घेतली होती, आईकडून खोल छाती, आत गेलेलं पोट आणि पळण्याचं वेड. समोरून पाहिलं तर ती एखाद्या चिडक्या म्हाताऱ्या मास्तरासारखी दिसायची. पळायला लागली की मात्र नजर ठरत नसे.

"हे काय आणलं वं?" बायको म्हणाली. "धड कुत्रं नाही अन् धड बकरीबी नाही."

"हिचं करणार कोण?" मी विचारलं.

"मी करणार, बाबा. तुम्हाला काहीच करायचं नाही."

वर्षभर तिनं खरंच सगळं केलं. मग तिला हैदराबादला नोकरी लागली आणि ती निघून गेली. कुत्री आमच्याकडे राहिली.

माझं नागपुरात चष्म्याचं दुकान आहे. अकराच्या आधी उघडत नाही, त्यामुळे सकाळ मोकळी असते. आधी ती सकाळ पेपर वाचण्यात जायची, आता कुत्रीला फिरवण्यात जायला लागली. आमच्या लेआउटच्या मागे रिकामे प्लॉट आहेत, अजून घरं न बांधलेले. तिथे घुशींची बिळं आहेत, टिटव्या आहेत, कधीमधी एखादं मुंगूस. बीळ दिसलं की तिच्यातला बाप जागा व्हायचा. नाक मातीत खुपसून, मागचे पाय रोवून अशी उकरायची की माझ्या पायजम्यावर ढेकळं उडत. मुंगूस दिसलं की आई जागी व्हायची, आणि मग मी नुसता उभा राहून बघायचो. मुलीनं तिचं एक चांगलं नाव ठेवलं होतं, पण मी तिला 'बाई'च म्हणायचो. रविवारी आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या ठेल्यावर तर्री-पोहे खायला जायचो. तर्रीचा झणझणीत रस्सा माझा, तिला मूठभर कोरे पोहे. संत्र्यांच्या दिवसांत मी फोडी सोलून बिया काढून तिला द्यायचो. मे महिन्यात कूलरच्या समोरची जागा तिची होती, माझी खुर्ची बाजूला सरकली होती, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

आता फोनचं सांगतो. मुलगी दर दोन-चार दिवसांनी व्हिडिओ कॉल करायची. मी उचलला की पहिला प्रश्न, "बाबा, कशी आहे?"

"कोण, तुझी आई?"

"नाही हो, ती! दाखवा ना."

मग मी फोन वळवायचो. मुलगी तिकडून लाडे लाडे बोलायची, कुत्री कान टवकारून इकडेतिकडे बघायची, आणि मी हात लांब करून फोन धरून उभा. स्क्रीनवर माझा फक्त अंगठा दिसत असेल. एकदा मला चांगला सणकून ताप आला होता. बायकोनं तिला सांगितलं. पोरगी म्हणाली, "अरे देवा. मग तिला फिरवतं कोण?"

तो प्रश्न मला तापापेक्षा जास्त दिवस पुरला.

दिवाळीला मुलगी यायची. तिचा ऑटो आमच्या वळणावर आला की कुत्री उठून बसायची, घंटा वाजायच्या आधीच. मग दार उघडल्यावर जे व्हायचं ते बघण्यासारखं होतं, पण मला बघवत नसे. अंगणात गोल गोल धावायची, रांगोळी पुसली जायची, आणि गळ्यातून एक आवाज काढायची, रडणं आणि गाणं यांच्या मधला. तो आवाज तिनं माझ्यासाठी कधी काढला नव्हता. मी रोज दुकानातून येतो, मला ती शेपूट हलवून दाखवायची, तेही बसल्या जागेवरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टा घेऊन मुलीच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. "चला, बाई." कुत्रीनं एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं, आणि हनुवटी पुन्हा मुलीच्या पांघरुणावर टेकली. मी पट्टा खिशात घालून एकटाच गेलो. प्लॉटकडे रोज भेटणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलं, "आज बाई नाही आल्या?"

"पोरगी आली आहे न," मी म्हणालो, आणि भराभर चालायला लागलो.

मुलगी परत जायला निघाली तेव्हा बायको पदरानं डोळे पुसत होती. मी बॅग उचलून ऑटोत ठेवली. मलाही वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण आत कुठेतरी एक हिशेब चालला होता, की उद्या सकाळी कुत्री माझ्या दाराशी येऊन बसेल. ऑटो वळल्यावर मी आत आलो तर बायको माझ्याकडे रोखून बघत होती.

"तुमाले नेमका कोणाचा राग येऊन राहिला?" तिनं विचारलं. "पोरीचा का कुत्रीचा?"

मी म्हणालो, "मले काहून राग येईन?" पण प्रश्न बरोबर होता. फोनवर मला कुत्रीचा हेवा वाटायचा, आणि दिवाळीत मुलीचा. घरात दोघींचंही एकमेकींवर प्रेम, आणि मी मधल्या मध्ये पट्टा धरलेला माणूस.

अशी काही वर्षं गेली. मग एका फोनवर मुलगी आनंदानं म्हणाली, "बाबा, मी नवीन फ्लॅट घेतला भाड्यानं. इथे कुत्रं चालतं. खाली मोकळी जागा पण आहे. मी तिला घेऊन येते इकडे."

"ने न," मी म्हणालो. "तुझीच तर आहे."

ती गाडी करून आली. मी कुत्रीचं सामान बांधलं. तिचं भांडं, झोपायचं पोतं, अंगावर फिरवायचा ब्रश. तिला भाकरी दुधात किती वेळ भिजलेली लागते, फटाक्यांना घाबरली की काय करायचं, सगळं मुलीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "माहिती आहे हो बाबा, माझीच आहे ती." गाडीचं दार उघडलं आणि कुत्री टुणकन उडी मारून आत गेली, खिडकीशी बसली. तोंड रस्त्याकडे. गाडी निघाली.

"मागं वळून बी नाही पाह्यलं, बाप्पा," बायको म्हणाली.

मी त्या दिवशी दुकान लवकर उघडलं. सकाळी जाग यायची ती येतच राहिली. एकदा सवयीनं प्लॉटपर्यंत गेलो, तिथे उभं राहून काय करायचं ते कळेना, परत आलो. बायको म्हणाली दुसरं पिल्लू आणा. मी नाही म्हणालो. बायकोनं पुन्हा विषय काढला नाही, पण कूलरसमोर माझी खुर्ची तिनं परत आणून ठेवली.

थोड्या दिवसांनी मुलीचा फोन आला. आवाज उतरलेला. "बाबा, ती जेवत नाही."

हे ऐकून मला आधी काय वाटलं ते तसंच लिहितो. बरं वाटलं. नंतर काळजी वाटली, पण नंतर.

"डॉक्टरले दाखवलं?"

"दाखवलं. सगळं नॉर्मल आहे म्हणतात. नुसती दाराशी बसून राहते. बाबा, तुम्ही बोला ना तिच्याशी. स्पीकरवर टाकते."

मी घसा साफ केला. शेजारी बायको भाजी निवडत होती, तिच्याकडे पाठ केली. "काय वं बाई, जेवून काहून नाही राहिली?"

तिकडून फरशीवर नखांचा टकटक आवाज आला. मग काहीतरी पडलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"फोनच्या मागे बघून आली. सोफ्याखाली गेली. आता पुन्हा दाराशी जाऊन बसली आहे." मग ती म्हणाली, "आणि मी इथे तिच्यासमोर बसले आहे, बाबा."

त्याच दिवशी मी बसचं तिकीट काढलं.

"पोरीले तिकडं कावीळ झाली होती, तवा गेले होते का तुमी?" बायकोनं बॅगेत चिवडा भरता भरता विचारलं.

"तवा ती येऊ नका म्हणे."

"अन् कुत्री या म्हणाली काय?"

दुकानाची किल्ली बायकोकडे देऊन मी निघालो.

हैदराबादला मुलीच्या फ्लॅटचं दार उघडलं आणि कुत्री माझ्या छातीवरच आली. बुटकी असून कशी पोचली देव जाणे. चष्मा पडला, बॅग पडली, आणि मग तो आवाज आला, रडणं आणि गाणं यांच्या मधला. या वेळी माझ्यासाठी. मी तिथेच उंबरठ्यावर बसलो. वर पाहिलं तर मुलगी हातात कुत्रीचं भांडं घेऊन उभी होती.

"आधी आत तरी या, बाबा," ती म्हणाली.

मी भांडं पुढे ठेवलं, कुत्रीनं ते चाटूनपुसून साफ केलं. मी मुलीला म्हणालो, "पाह्यलं?" ती स्वयंपाकघरात गेली. मी सोफ्यावर बसलो, कुत्री पायांवर डोकं ठेवून पडली. मी जिंकलो होतो. आत चहाच्या भांड्यांचा आवाज झाला, मग तोही थांबला. नळ नुसता वाहत होता. मी उठून गेलो. मुलगी ओट्याला टेकून उभी होती, डोळे लाल.

"तुम्हाला बोलवायलाच नको होतं मी," ती म्हणाली.

"मी उद्या जातो."

"तसं नाही हो." तिनं नळ बंद केला. "मला वाटलं ती आली की हे घर वाटेल. दिवसभर ऑफिस, इथे कोणी ओळखीचं नाही. पण तिला तुम्ही पाहिजे. आणि तुम्हाला ती. आई फोनवर सांगायची, बाबांनी तिला संत्र्याच्या फोडी सोलून दिल्या, बाबा तिला घेऊन पोह्यांना गेले. मला कधी नेलं हो तुम्ही पोह्यांना? मी शाळेत होते तेव्हा तुम्ही पेपर घेऊन बसायचे."

मला राग आला. इतक्या वर्षांचा होता, तो सगळा एकदम आला. "अन् तू फोन करते तं पहिले कोणाले विचारते? मले ताप होता तवा काय विचारलं होतं तू?"

ती हळू म्हणाली, "बाबा, तुम्हाला कसे आहात विचारलं की तुम्ही 'ठीक आहे' म्हणून फोन आईकडे देता. तिचं विचारलं की तुम्ही बोलता. पंधरा-पंधरा मिनिटं बोलता."

कुत्री दारात येऊन उभी राहिली होती. एकदा मुलीकडे, एकदा माझ्याकडे बघत होती, भांडण कोणाचं आहे ते न कळल्यासारखी. चहा उतू गेला. आम्ही दोघंही त्याच्याकडे धावलो.

मी तिथे आठ-दहा दिवस राहिलो. सकाळी आम्ही तिघं फिरायला जायचो. सोसायटीच्या मागे मोठाले खडक आहेत, त्यांच्या फटीत उंदीर-घुशी भरपूर. कुत्रीला ती जागा आवडली. मुलगी तिला बिळापासून ओढायची, मी म्हणालो, "ओढू नको, उकरू दे. थकली का स्वतःच येते." सुरुवातीला पट्टा मी धरायचो, मग मुलीकडे दिला आणि मी मागे चालायला लागलो. बसता-उठता बोलत होतो आम्ही. तिच्या ऑफिसातलं एक प्रमोशन तिच्या हातून गेलं होतं, ते तिनं मला तिथे खडकावर बसून सांगितलं. बायकोलाही माहीत नव्हतं.

मग एका सकाळी मी पाय दुखतात म्हणून वरच थांबलो. बाल्कनीतून बघत होतो. फाटकापाशी कुत्रीनं थांबून एकदा वर पाहिलं. मग मुलीनं पट्टा हलवला आणि दोघी पळत सुटल्या. मी मनात म्हणालो, एकदाच? त्या संध्याकाळी ती मुलीच्या हातून जेवली.

मी नागपूरला एकटाच परत आलो.

आता फोन येतो तेव्हा मुलगी आधी माझी चौकशी करते, आणि मीही 'ठीक आहे'च्या पुढे चार वाक्यं बोलायचा प्रयत्न करतो. सोपं नाही. दुकानात कोण आलं, कूलरची मोटर कशी जळाली, असलं काहीतरी सांगतो. ती ऐकते. परवा असंच बोलणं झालं आणि ती म्हणाली, "बाबा, एक मजा सांगू? तिसऱ्या मजल्यावर एक आजोबा राहतात, रिटायर्ड आहेत. मला लवकर ऑफिस असलं की तेच तिला फिरवून आणतात. तिला इतके आवडतात ते! लिफ्टचा आवाज आला की लगेच दाराशी जाते."

"कोण आजोबा?" मी विचारलं.

"अहो, चांगले आहेत खूप."

"काय करायचे ते? कुत्र्यातलं त्यांना काही कळतं का? खायला काय देतात तिला?"

मुलगी हसायला लागली. तिचं हसणं ऐकून बायकोही आतून बाहेर आली. मी फोन घेऊन उठलो, गच्चीत गेलो आणि मुलीला म्हणालो, "हसू नको. त्यांच्या हातात पट्टा देते तं आधी त्यांना नीट समजावून सांग, बीळ दिसलं की ओढायचं नाही."

"सांगितलं मी," ती म्हणाली. "पण ते म्हणाले त्यांना माहीत आहे."