कोंडवाड्याच्या दाराबाहेरचे सेक्रेटरी

माझ्या मामेसासऱ्यांइतकी म्हातारं होण्याची घाई झालेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. माणसं वय चोरतात. मामा ते सांगत आणि वर "पुढच्या श्रावणात आणखी एक" अशी पुस्ती जोडत. माझं लग्न झालं तेव्हा त्यांचे सगळे दात जागेवर होते, तरी ते भाकरी दुधात कुस्करून खात. हातात काठी असे, पण ती टेकत नसत. काखेत धरून तरातरा चालत आणि ओळखीचं कुणी दिसलं की जमिनीला लावत. उठताना गुडघ्यावर हात ठेवून "शिवशिव" म्हणत. गुडघा दुखतो का, असं मी एकदा विचारलं. "आज न्हाई दुखत," ते म्हणाले, "पण सवय लावून घ्यायलोय, जावईबापू. ऐन वेळेला जमलं न्हाई तर?"

त्यांचं गाव भालकीच्या रस्त्यावर. नोकरी सरकारी कचेरीत कारकुनाची. नोकरीला लागले ते निजामाच्या अमदानीत, उर्दूत. पुढे मैसूर राज्य आलं तेव्हा कन्नड शिकले. घरात मराठी बोलत. त्यामुळे कोणताही अर्ज ते तीन भाषांत लिहीत: कन्नड सरकारसाठी, मराठी अर्जदारासाठी आणि उर्दू स्वतःसाठी, कारण मुद्दा आधी उर्दूत सुचतो असं त्यांचं म्हणणं. पंचावन्न पूर्ण झाल्यावर ते निवृत्त झाले. निवृत्त माणसाला गावात मान असतो अशी त्यांची कल्पना होती. सहा महिन्यांत त्यांच्या लक्षात आलं की म्हाताऱ्याचं ऐकून घ्यायला कुणाला वेळ नाही आणि सगळ्या म्हाताऱ्यांचं गाऱ्हाणं एकच असलं तरी प्रत्येक जण ते आपापल्या ओसरीवर एकट्यानं सांगतो. साठ पूर्ण झाली त्याच दिवशी त्यांनी गावात वृद्धांचा संघ काढला आणि स्वतः सेक्रेटरी झाले. साठीच्या आतल्याला प्रवेश नाही, हा पहिला नियम.

पहिला प्रश्न जागेचा होता. देवळात सभा घ्यावी तर निवृत्त चौकीदार दस्तगीरचाचा येणार नाहीत. तुळशीरामदादांच्या घरानं बौद्ध धम्म घेतलेला, ते मारुतीच्या पारावर बसत नसत. आडत दुकानदार शिवलिंगप्पांच्या ओसरीवर बसावं तर सभा चालू असताना ते तूर विकत. चावडीला सात पायऱ्या. उरला कोंडवाडा. मोकाट गुरं धरून कोंडायची बंद झाल्यापासून तो रिकामाच पडला होता. आत कडुनिंबाची सावली, जमीन सपाट, दाराला उंबरा नाही. गाव हसलं, की म्हाताऱ्यांना कोंडवाड्यात घातलं. मामा म्हणाले, "हसू द्या. निदान सोडवून न्यायला तरी पोरं येतील." दर सोमवारी दहा-बारा सभासद तरटावर बसत आणि मामा इतिवृत्त लिहीत.

साठ पूर्ण झाली हे ठरवायचं कसं, हा दुसरा प्रश्न. जन्माचा दाखला कुणाकडेच नव्हता. असले कागद त्या त्या कारकुनाला सुचेल तसे भरलेले असतात, हे मामांना स्वानुभवानं माहीत होतं, कारण त्यातले काही त्यांनीच भरले होते. म्हणून संघानं ठराव केला की सरकारी कागद मानायचा नाही, सारणी मानायची. सारणी मामांनी तयार केली. लहानपणी, एकोणीसशे अठरात, मानमोडीची म्हणजे जीवघेण्या तापाची साथ आली होती, ती सगळ्यांना ऐकून किंवा पाहून ठाऊक होती. त्या साथीत तुम्ही केवढे होता, एवढंच विचारायचं. कडेवर असाल तर दोन वर्षांचे. शेरडं राखत असाल तर सात, गुरं राखत असाल तर दहा, औत धरत असाल तर पंधरा. बायकांसाठी वेगळा रकाना होता: कडेवर, एक घागर, दोन घागरी, सासर. त्यावरून आजचं वय काढायचं. एका गृहस्थांनी सांगितलं, "मी शेरडंबी राखायचो अन् गुरंबी." मामांनी त्यांना साडेआठ लिहिलं.

संघ गाऱ्हाणी ऐकून गप्प बसत नसे. शिवलिंगप्पांनी तक्रार दिली की सून भाकरी कडक करते. मामा काठी टेकत त्यांच्या घरी गेले आणि सुनेला तीन भाषांतली नोटीस वाचून दाखवली. तिनं ती पुरती ऐकली. मग म्हणाली, "मामा, भाकरी मऊच हाय. सासऱ्यानं कवळी खिशात ठेवलीया. तेवढी तोंडात घाला म्हणावं." त्या सोमवारच्या इतिवृत्तात नोंद आहे: तक्रारीचं निवारण झालं, कवळी खिशातून तोंडात.

बसच्या पायरीची मोहीम मोठी होती. भालकीच्या बसची पहिली पायरी इतकी उंच की सभासदांना खालून ढकलावं लागे. मामांनी डेपोला सात अर्ज केले. उत्तर आलं नाही तेव्हा संघानं बाभळीचा एक ओंडका तासून थांब्यावर ठेवला. पहिला मान दस्तगीरचाचांना मिळाला. ते ओंडक्यावर पाय ठेवून ऐटीत चढले, सभासदांनी टाळ्या वाजवल्या, बस गेली. भालकीला ओंडका नव्हता. चाचा उतरू शकले नाहीत, त्याच बसनं परत आले आणि खिडकीतून म्हणाले, "क्या सेक्रेटरी, चढाया तो उतारेगा कौन?" पुढच्या सभेत ठराव झाला की शेवटचा सभासद चढल्यावर ओंडका आत घ्यावा. कंडक्टर त्याचं अर्धं तिकीट मागायचा. तो वाद मिटल्याची नोंद मला सापडली नाही.

संघ चालू होऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा मामांच्या थोरल्या बहिणीला वैधव्य आलं आणि ती बार्शीकडून भावाकडे कायमची राहायला आली. सगळे तिला अक्काच म्हणत. मामांनी पहिल्याच सोमवारी तिला कोंडवाड्यात नेलं आणि सभासदत्वाचा अर्ज पुढे घेतला. मी त्या दिवशी तिथे होतो.

"मानमोडीत केवढी होतीस, अक्का?" मामांनी विचारलं.

"कडेवर."

"नीट आठव. घागर आणीत असशील."

"माझं मला ठावं न्हाई व्हय? माय साथीत पडली, तर आत्यानं मला कडेवर घिऊन शिवंभायेर न्हेलतं. माय मागून उठली, म्हणून तर तू झालास."

"कडेवर म्हंजे साठ," तुळशीरामदादांनी सारणीवर बोट ठेवून सांगितलं.

"सत्तर लिहा," मामा म्हणाले.

"सत्तर कामून?" अक्का म्हणाली.

"मी बासष्ट हाय. तू माझ्याहून आठ वर्षांनी थोरली."

अक्कानं भावाकडे नीट पाहिलं. "मी साठ, अन् माझ्या पाठचा तू बासष्ट? पोटातूनच काठी घिऊन आलतास का रे?"

सभासद हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी घरी माणूस धाडून वडिलांची पोथी आणवली. तिच्या शेवटच्या पानावर वडिलांच्या हातची नोंद होती: मुलगा झाला, श्रावण, सन २४. मामांचं सगळं वय या ओळीवर उभं होतं. निजामाच्या राज्यात कागदोपत्री फसली साल चाले आणि लिहिताना शेवटचे दोन आकडेच लिहीत. म्हणून मामांनी ते फसली तेराशे चोवीस धरलं, त्यात रीतीप्रमाणे पाचशे नव्वद मिळवले आणि एकोणीसशे चौदा हे आपलं जन्मसाल काढलं. नोकरीत तेच लागलं होतं.

मामांनी ओळ वाचली तशी अक्कानं पान दुरून पाहिलं. "बाबा तवा बार्शीला कापसाच्या जिनिंगात होते," ती म्हणाली. "तिथं इंग्रजी साल चालायचं. ही चोवीस म्हंजे ती इंग्रजी चोवीस."

मामांनी पोथी मिटली. फसली आणि इंग्रजी सालांचा मेळ घालण्यात अख्ख्या कचेरीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी बोटांवर दोनदा मोजलं. "बावन्न," ते म्हणाले. मग टाक उचलून सभासदांच्या यादीतलं पहिलं नाव, स्वतःचं, खोडलं.

यापूर्वी कोंडवाड्यात एवढा गोंधळ गुरांनीही केला नसेल. शिवलिंगप्पा म्हणाले, "सरकार तुला बासष्ट म्हणायलंय. आपण कोण न्हाई म्हणणारे?"

"सरकारचा कागद मानायचा न्हाई, हा ठराव मीच लिहिलाय," मामा म्हणाले.

"मग ठराव बदलू."

"बदला. पण बदलायला सभासद लागतो. मी न्हाई."

ते उठले, दाराबाहेर गेले आणि तिथल्या दगडावर बसले. "सभा पुढं चालू द्या," तिथून म्हणाले. सभा चालेना, कारण लिहिणारं कुणी नव्हतं. शेवटी आतले मोठ्यानं बोलू लागले आणि मामा बाहेर बसून लिहू लागले. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. मुलगा शेतात, सून घरात, नातवंडं शाळेत. सोमवार सोडला तर त्यांची वाट पाहणारी जागा गावात नव्हती, आणि आता त्या जागेत आठ वर्षं पाय ठेवायचा नव्हता. मी म्हणालो, एवढं कोण बघतंय. "मी इतरांस्नी साडेआठ लिहिलंय, जावईबापू," ते म्हणाले.

दहा वर्षं आधीच आपण निवृत्त झालो, असं त्यांनी खात्याला प्रामाणिकपणे कळवलं, तिन्ही भाषांत. निवृत्तीनंतर जन्मसाल बदलता येत नाही, असं उत्तर आलं. मामांनी ते उत्तर जपून ठेवलं. "सरकार दहा वर्षं परत द्यायला तयार न्हाई," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

बाहेरचा माणूस झाल्यामुळे त्यांच्या वागण्यात मात्र पूर्ण बदल झाला. आजवर बरोबरीच्या नात्यानं ते शिवलिंगप्पांना "अरे शिवा" म्हणत. दुसऱ्या दिवसापासून "अप्पा, तुमी" सुरू झालं. काठी घरी राहिली. भाकरी चावून खाऊ लागले. सभासदांनी याचा पुरेपूर फायदा घेतला. "पोरा, चुना आण," शिवलिंगप्पा आतून म्हणत. "ए बच्चे, पानी," दस्तगीरचाचा म्हणत, आणि मामा बावन्नाव्या वर्षी तांब्या घेऊन आडावर पळत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "वडीलधारी मान्सं हायत. दोन शब्द ऐकून घ्यावं लागतंय."

सरकारची वृद्धांसाठी वेतनाची योजना होती. संघातल्या काही सभासदांनी अर्ज दिले होते, ते वयाच्या पुराव्यावाचून पडून होते. सगळे मिळून तालुक्याला गेले. ओंडका सोबत होता, तो मामांच्या खांद्यावर. साहेब तरुण, दक्षिणेकडून नवे आलेले, कन्नड बोलणारे. आपलं म्हणणं कन्नडमधून मांडणारा शिष्टमंडळात एकच माणूस होता आणि तो दाराबाहेर उभा होता. साहेबांनी त्यांना आत बोलावलं आणि आपण कोण, असं विचारलं. "मी सभासद नाही," मामांनी कन्नडमधून सांगितलं. "यांच्यासोबत आलेला तरुण आहे." साहेबांनी पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग खांद्यावरच्या ओंडक्याकडे पाहिलं. मामांनी सारणी समजावून सांगितली. साहेब बराच वेळ ती वाचत होते. मग म्हणाले, माझ्या आजीचं वय आमच्या घरात कुणाला माहीत नाही. साथीच्या वेळी ती दोन घागरी आणत होती म्हणते. मामांनी उभ्याउभ्या वय काढून दिलं. महिनाभरात तुळशीरामदादांची आणि दस्तगीरचाचांची मंजुरी आली, आणखी चौघांची पुढच्या महिन्यात. अभिनंदनाचा ठराव झाला. तो बाहेरच्या माणसाचा असल्यामुळे मामांनी स्वतःच दगडावर बसून लिहिला आणि स्वतःच स्वतःला पोचता केला.

अशी आठ वर्षं गेली. शिवलिंगप्पा गेले, मग दस्तगीरचाचा. प्रत्येक वेळी मामांनी नावापुढे तारीख लिहिली आणि दोन मिनिटं दगडावरून उठून उभे राहिले. नवे फारसे आले नाहीत. साठीला आलेल्यांना कोंडवाड्यात बसायचं नव्हतं. त्यांना मुलांकडे लातूरला, सोलापूरला जायचं होतं. मामांना साठ पूर्ण होणार होती त्या श्रावणात आत तिघंच उरले होते: तुळशीरामदादा, अक्का आणि साडेआठ लिहिलेले ते गृहस्थ.

तो सोमवार पाहायला मी मुद्दाम गेलो. मामांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. अर्ज त्यांनी आतल्यांना वाचून दाखवला. अक्कानं शिफारशीचा अंगठा उठवला. तुळशीरामदादा म्हणाले, "या, आत या आता," आणि मामा दारातून आत आले, तरटावर सर्वांत नव्या सभासदाच्या जागी, टोकाला बसले. तरट लांबलचक होतं आणि मधली जागा पुष्कळ मोकळी होती.

"हं, करा सुरू," तुळशीरामदादा म्हणाले. मग त्यांना ठसका लागला आणि पाणी मागायला म्हणून त्यांनी दाराकडे पाहिलं. बाहेर दगडावर कुणी नव्हतं.

"आणतो," मामा म्हणाले आणि उठले. आडावरून तांब्या भरून आणला, दारातूनच आत दिला आणि बाहेर दगडावर टेकले.

"आत यी की रे," अक्का म्हणाली. "आता तुझी जागा हाय."

"येतो," मामा म्हणाले. "तुमी बसा. मी हाय हितं."