भिंतीकडचा तरोटा

सिडकोतल्या त्या गल्लीत कुणाच्या अंगावर नायटा उठला की लोक दवाखान्याआधी मनकर्णाबाईंच्या ओट्यावर यायचे. मागच्या मोकळ्या प्लॉटच्या भिंतीकडेला पावसाळ्यात तरोटा माजायचा. नुसतं तण. पण त्याचा पाला, नाहीतर वाळलेलं बी आंबट ताकात वाटून त्या लेप लावायच्या. पैसा घ्यायचा नाही आणि आपल्या हातचा लेप आपल्या अंगाला लावायचा नाही, गुण येत नाही, ही पैठणच्या सासूबाईंनी घालून दिलेली रीत.

गेल्या वर्षी समोरच्या घरात अजिंठ्याकडच्या पारूबाई लेकाकडे राहायला आल्या आणि त्याही तोच लेप लावू लागल्या. वर हसून बोलायच्या, चहा पाजायच्या. समोर कोण कोण जातंय, हे मनकर्णाबाई पडद्याआडून बघत राहायच्या. दूधवाल्या पुंजारामाच्या मानेवरचा नायटा मनकर्णाबाईंनीच बरा केलेला. एक दिवस तोही पारूबाईंच्या पायरीवर बसलेला दिसला. त्या दिवशी भाजी करपल्याचाही वास त्यांना आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्ली झोपली असताना त्यांनी भिंतीकडचा सगळा तरोटा मुळासकट उपटला. भर पावसात, भिजल्या लुगड्यानिशी. आता लेप कशाचा लावते, बघूच.

पण परकराच्या ओल्या नाडीनं डाव साधला. आठवड्याभरात कमरेला गोल चट्टा उठला, खाज अशी की चारचौघांत बसवेना. सून मंजुषानं मलम आणलं. चट्टा दबायचा नि पुन्हा वर यायचा. स्वतःचा लेप लावावा तर रीत आडवी. गल्लीत लेप जाणणारं दुसरं माणूस एकच.

शेवटी त्या समोर गेल्या. पाठ वळवून बसल्या. पारूबाईंनी काही न विचारता वाटायला घेतलं.

"बी मागल्या सालचं हाय, आक्का. ओला पाला भेटला असता तर लवकर उतरलं असतं. पर भिंतीकडं एक रोप राह्यलं नाय."

"शेळ्यांनी खाल्लं असंल."

"शेळी तरोट्याला तोंड लावीत नाय," पारूबाई सावकाश म्हणाल्या आणि लेप फासला.

थंडगार वाटलं. तेच मनकर्णाबाईंना सोसेना. हिनं यात घातलंय तरी काय? त्या नाक ओढून वास घेत राहिल्या. ताकच होतं, पण आपल्यापेक्षा जास्त आंबलेलं.

निघताना पारूबाईंनी मूठभर बी त्यांच्या पदरात घातलं. "टाका तिथंच. दोघींचं भागंल."

मनकर्णाबाईंनी बी टाकलं, पण भिंतीच्या अलीकडं, आपल्या परसात. आणि घरात आल्या आल्या मंजुषाला बजावलं, उरलेलं ताक आज फ्रिजमध्ये ठेवू नकोस.